पुलाच्या बोअरमधला चिखल टाकून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस रिवणच्या बाजूला सापडलेल्या एका दगडाचा फोटो मोबाइलवर फिरतो आहे. पांढुरक्या दगडावर काळ्या रंगात नेच्याचे नाजूक पान उमटलेले आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गोव्यात सापडले लाखो वर्षांपूर्वीचे जंगल'. मी हयातभर खाणीवर भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. त्यामुळे असले काही दिसले की ओळखीचे लोक मलाच विचारतात. तर, ते पान नव्हे, मँगनीज आहे. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपते आणि त्यातले मँगनीज फांद्या फुटल्यासारखे पसरत बसते. त्याला डेंड्राइट म्हणतात. सांगे-केपे भागातल्या मँगनीज खाणींवर असे दगड पायलीला पन्नास मिळायचे. खऱ्या पानाला मधली शीर असते आणि तिच्यातून उपशिरा निघतात. या नक्षीला असला हिशेब नसतो, भेग नेईल तिकडे ती जाते.

एवढे सांगून थांबता आले असते. पण फोटो पाहून एका मुलाने मला विचारले, "मग गोव्यात जीवाश्म नाहीतच का?" या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत द्यावे असे वाटले, कारण त्यात सरकारने करण्यासारखे एक अगदी स्वस्तातले काम आहे.

आपला बहुतेक कातळ अडीच अब्ज वर्षांहून जुना. त्या काळी पृथ्वीवर होते ते फक्त सूक्ष्मजीव. हाडे, शिंपले, पाने यांचा पत्ताच नव्हता. सत्तरी तालुक्याच्या टोकाला घाटाकडे दख्खनचा काळा फत्तर येतो, तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा, पण ती गोठलेली लाव्हा. आणि आपण घरे बांधतो तो चिरा, म्हणजे जांभा, मूळ खडक कुजून तयार झालेला. वर्षाला जवळपास ३००० मिलीमीटर पाऊस आणि आम्ल माती यांच्यापुढे हाड टिकत नाही. रानात मेलेल्या गव्याचा सांगाडा थोड्याच पावसाळ्यांत भुगा होतो, त्याचा दगड व्हायला सवडच मिळत नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण कोणते जनावर पूर्वी कुठे राहत होते याचे नकाशे अशाच अवशेषांवरून काढतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली, त्यांतल्या एकावर नक्षी कोरलेली होती. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या अशा कवचांतून काढलेला डीएनए आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला आणि आपल्याकडे शहामृग होते यावर शिक्कामोर्तब झाले. शहामृग मोकळ्या, कोरड्या माळावरचा पक्षी. तेव्हा कवचाच्या एका तुकड्यावरून पक्षी कळतो आणि त्या काळच्या खानदेशात गवताळ माळ होता हेही कळते. नकाशावर तिथे ठिपका पडला. कोकण आणि गोवा मात्र कोरा. तो कोरा आहे म्हणून इथे काही नव्हते असे नव्हे, इथे काही उरले नाही एवढेच. शहामृग दाट रानात आला नसणार हे मलाही मान्य आहे. पण गोव्यात हत्ती, गवे, हरणे किती होती, कुठवर होती, हे हाडांवरून सांगायची सोय नाही. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर बैल, हरणे कोरलेली आहेत, तीच आपली साक्ष. ती माणसाने काढलेली, म्हणजे त्याला काढावेसे वाटले तेवढेच तिच्यात आले.

मग आपल्याकडे आहे काय? चिखल. आणि तो अस्सल माल आहे.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला खूप लांब होता आणि मांडवी-झुआरी आजच्या मुखांच्याही पुढे वाहत जाऊन खोल दऱ्या कापत होत्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढत आला आणि या दऱ्या बुडाल्या. आज आपण ज्यांना खाडी म्हणतो त्या या बुडालेल्या दऱ्या. त्या भरत गेल्या गाळाने, थरावर थर. प्रत्येक थरात तेव्हा तिथे जे जगले त्याचे काही ना काही राहिले आहे.

झुआरीकाठच्या एका खाजनात, म्हणजे बांद घालून खाडीचे पाणी अडवलेल्या शेतजमिनीत, मानशीची (पाणी सोडायच्या-अडवायच्या दाराची) दुरुस्ती चालली होती तेव्हा मी सहज उभा होतो. जेसीबीने दीड माणूस खोल खड्डा घेतला. वरची माती तांबूस, खाली काळानिळा चिखल, कुबट वास येणारा. त्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना लावत त्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या आडव्या पडलेल्या, आणि बऱ्याच शिंपल्यांची दोन्ही झाकणे एकमेकांवर मिटलेली. मला आनंद झाला तो त्या मिटलेल्या झाकणांचा. लाटेने वाहून आणलेला शिंपला सुटा होतो, घासतो, कडा फुटतात. माणसाने खाऊन टाकलेला उघडलेला असतो. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी मिटलेल्या म्हणजे तो जीव तिथेच जगला आणि तिथेच मेला. ही जात उथळ, संथ, चिखलाच्या तळावर राहते. चिखलीच्या उपसागरात ती आजही आहे. म्हणजे आज जिथे भात डोलते तिथे कधीकाळी तसाच संथ उपसागर होता, आणि बांद घालण्याच्या बऱ्याच आधी. किती आधी, ते शिंपल्यातल्या कार्बन-१४ वरून काढता आले असते. पण मजुरांचा चहा होईपर्यंत ट्रॅक्टर आला आणि तो सगळा चिखल बांदावर थापला गेला. त्यांची चूक काहीच नाही, बांदाला तोच चिखल लागतो.

शिंपल्या डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचे कौतुक. खरी भरवशाची साक्ष देतात फोरॅमिनिफेरा, एका पेशीचे समुद्री जीव. त्यांची कवचे खसखशीच्या दाण्याएवढी, कित्येकदा त्याहून लहान. चमचाभर गाळात ती ढिगाने मिळतात. दर जातीची आवड ठरलेली: हिला निमखारे पाणी हवे, तिला खोल समुद्र, एखादीला थंड पाणी. अमोनिया नावाच्या जाती आपल्या खाड्यांतल्या कमी-अधिक खारेपणात तग धरतात. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स फोफावते ती खोलातले थंड, पोषक पाणी वर येते तिथे. अरबी समुद्रात ते पाणी वर येते मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर, ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ. म्हणून तिथल्या तळाच्या गाळात ही जात कोणत्या थरात वाढली आणि कोणत्या थरात घटली हे मोजून शास्त्रज्ञ हजारो वर्षांच्या पावसाळी वाऱ्यांचा चढउतार वाचतात. १९७६ मध्ये क्लायमॅप प्रकल्पाने अशाच सूक्ष्म जीवांच्या वाटणीवरून १८,००० वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तापमानाचा जगाचा नकाशा काढला. हे वाचायला लागणारी माणसे आणि सूक्ष्मदर्शक आपल्या दारात आहेत. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे आणि फोरॅमिनिफेरांवर तिथे दीर्घकाळ काम चालत आले आहे.

चिखलात पराग असतात, गवताच्या अंगातले गारेचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण असतात. ते कण किती चिवट असतात पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनोसोरांच्या अश्मीभूत शेणात ते सापडले आणि गवत डायनोसोरांच्या काळी होते हे २००५ मध्ये जगाला कळले. शेणातून! आपल्या खाडीच्या थरांतल्या परागांवरून तिवरांचे रान कधी कुठवर होते आणि कुठे मागे हटले हे काढता येईल. आज खारफुटीच्या हद्दीवरून कोर्टकचेऱ्या चालतात तेव्हा 'पूर्वी इथे काय होते' हा प्रश्न दोन्ही बाजू हमखास काढतात आणि उत्तर म्हणून कुणाच्या तरी आजोबांची आठवण पुढे येते.

आता मुद्द्यावर येतो. पूल, बंदर, पाण्याच्या टाक्या, मोठ्या इमारती, कशाचाही पाया घालण्याआधी जमिनीत बोअर मारतात. खाडीत हे बोअर कातळ लागेपर्यंत चिखलातून खाली जातात. साधारण दर दीड मीटरला नमुना काढतात, मऊ चिखलाचा नमुना नळीत घेऊन तो न हलवता वर आणतात. प्रयोगशाळेत त्याची ताकद तपासतात, अहवालात 'ग्रे मरीन क्ले विथ शेल फ्रॅगमेंट्स' एवढी एक ओळ पडते, आणि काम संपले की पिशव्या, नळ्या, पेट्या भंगारात. इंजिनियरला तो चिखल भार किती घेतो एवढेच हवे असते, त्यात गैर नाही. पण ज्या थरांना हात लावायला संशोधकाला वेगळा निधी, बोट आणि परवाने मिळवावे लागतात, ते थर आपण आपल्याच पैशांनी काढतो आणि फेकतो.

पेट्यांचे काय होते ते मी पाहिले आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ज्या कंपनीत मी होतो तिथल्या शेडमधले कोअर बॉक्स, वर्षानुवर्षे खोली लिहून लावलेले, थोड्या महिन्यांत रिकामे झाले. लाकडी फळ्या पेटवायला गेल्या आणि आतले दगडी दांडे रस्त्याच्या खड्ड्यात. त्यांत जीवाश्म नव्हते, पण पुन्हा तेवढी भोके मारायचा खर्च कोण करणार?

म्हणून मागणी एवढीच. सरकारी कामाच्या निविदेत एक कलम घालावे: खाडी, खाजन किंवा किनारपट्टीत मारलेल्या प्रत्येक बोअरमागे नळीतल्या नमुन्यांचा एक भाग, खोली आणि ठिकाण लिहून, राज्याच्या एखाद्या छप्पर असलेल्या शेडमध्ये जमा करावा. पाण्याच्या झोताने धुऊन वर येतो तो गाळ नको, त्यात थर एकमेकांत मिसळलेले असतात. अडगळीची सबब पुढे येईल हे मी जाणून आहे. पण एका पुलाचे सगळे नमुने एका छोट्या खोलीत मावतात. गुप्ततेची सबब आली तर पाच वर्षांनी खुले करा, चिखल थांबायला तयार आहे. कॉलेजातल्या भूशास्त्राच्या मुलांना प्रकल्पासाठी दरवर्षी काहीतरी शोधावे लागते, त्यांना हा माल द्या.

वाचकांपैकी कुणाच्या विहिरीत, तळ्यात किंवा शेताच्या खोदकामात शिंपल्यांचा थर लागला तर दोन गोष्टी कराव्यात. खड्ड्याची बाजू वरपासून खालपर्यंत दिसेल असा फोटो काढावा, शेजारी फूटपट्टी किंवा कोयता ठेवून. आणि शिंपले धुऊ नयेत. आत अडकलेल्या चिखलातच फोरॅमिनिफेरा असतात, नळाखाली धरले की ते गटारात जातात. तसेच चिखलासकट पिशवीत भरावेत, पिशवीवर तारीख, गाव आणि खड्ड्याची खोली लिहावी.

आपला,
एक निवृत्त खाण-भूशास्त्रज्ञ,
डिचोली