काकू, तुमचं घमेलं अजून आमच्याकडेच आहे

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर भेटलात की तुम्ही मला आभार मानूच देत नाही. "अगं, त्यात काय एवढं" म्हणून हात झटकता आणि लगेच विचारता, "गूळ खातोय ना नीट?" म्हणून आज लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मार्चमध्ये मी जशी रडकुंडीला आले होते तशी आणखीही माणसं असतील.

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही सशाची दोन पिल्लं घरी आणली, म्हणून एकीचं नाव तीळ आणि एकाचं गूळ. दुकानदाराने दोन्ही माद्या आहेत असं छातीठोक सांगितलं होतं. सोबत कोपऱ्यात बसवायचा एक तिकोनी ट्रे आणि मांजरांसाठी मिळते ती ओली झाली की गोळे होणारी माती दिली. मार्च उजाडेपर्यंत डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत सोफ्याची कड, मुलीची गादी, दाराजवळचं पायपुसणं, सगळीकडे शू. मी दिवसातून तीनदा फिनाईलने पुसायची आणि तासाभरात त्याच जागी पुन्हा ओलं. नवऱ्याने कुणी शेतावर ठेवून घेईल का म्हणून फोनही लावायला सुरुवात केली होती.

त्या संध्याकाळी मंदिराबाहेर गायीजवळ बसणाऱ्या बाईकडे मी गवताची पेंढी मागत होते आणि मागून तुम्ही म्हणालात, "सशांना का? मग ओलं कमी, वाळलेलं जास्त दे." आपली तोवर नुसती तोंडओळख होती. तुमच्याकडे नऊ वर्षं ससा होता हेही मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात ते कुंड्यांची माती कालवायचं काळं घमेलं हातात घेऊन.

तुम्ही ट्रेकडे पाहिलंच नाही. जमिनीवर मांडी घालून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसलात, आणि दोघं पुन्हा पुन्हा सोफ्यामागच्या एकाच कोपऱ्यात जातात हे माझ्या लक्षात यायच्या आत तुमच्या आलं होतं. मग म्हणालात, "त्यांनी जागा निवडलेली आहे गं. तुझा ट्रे चुकीच्या जागी आहे." रानातले ससेसुद्धा ठरावीक जागीच लेंड्या टाकून आपली हद्द सांगतात, तेव्हा त्यांना उचलून आपल्या जागी नेण्यापेक्षा भांडं त्यांच्या जागी न्यायचं. मी दोन महिने नेमकं उलटं करत होते.

मग तुम्ही विचारलंत, "गवत कुठे ठेवतेस?" मी समोरच्या भिंतीजवळची स्टीलची वाटी दाखवली. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही घमेल्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे पाच-सहा थर घातलेत (गुळगुळीत रंगीत पुरवण्या बाजूला काढून, कारण त्या पाणी शोषत नाहीत), त्यावर जाडसर वाळलेलं गवत पसरलंत आणि एका कडेला ताज्या गवताचा ढीग केलात. सोफ्यामागे मी शू पुसलेला कागद टाकायला निघाले होते, तो माझ्या हातातून घेऊन गवताखाली सारलात, वास राहावा म्हणून. दहा मिनिटांत तीळ आत जाऊन बसली. तोंडातून गवताची लांब काडी हळूहळू आत सरकतेय, कान मागे पडलेत आणि खालून टप टप लेंड्या पडताहेत. माझी लेक टाळ्या वाजवायला लागली तर तुम्ही तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलंत.

ती माती तुम्ही त्याच दिवशी बाहेर काढायला लावलीत. मांजर ती खात नाही, ससा मात्र सगळं चावून बघतो, आणि पोटात जाऊन तिचा गोळा झाला तर त्याला उलटीसुद्धा करता येत नाही. वखारीतला भुसा आणू का, असं मी विचारलं, तर लाकूड कुठलं ते माहीत नाही, प्लायवूडचा डिंक असू शकतो, देवदार-पाईनचा कच्चा भुसा यकृताला वाईट, म्हणून तोही बाद. ट्रेवरची जाळीही काढलीत. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, जाळीवर बसून बसून तिथे जखमा होतात. आणि तो तिकोनी ट्रे एवढासा की गूळला त्यात वळताही येत नव्हतं. पुढे मी पलंगाखाली सरकवायचा मोठा चौकोनी टब आणला, पुढची कड कापून खाली केली, कापलेली धार घासून घेतली. त्यात दोघं शेजारी शेजारी बसतात.

फिनाईल बंद केलंत हे तर फार बरं झालं. आता अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर. सशाच्या लघवीत चुना जास्त, त्याचा टबाला पांढरा थर धरतो. वीस मिनिटं हेच ओतून ठेवलं की तो सुटून येतो. गवताचंही तसंच. मी कौतुकाने लसूण घास, म्हणजे गुरांचा तो हिरवा चारा, आणत होते, तर तुम्ही म्हणालात की त्यात कॅल्शियम फार, वाढत्या पिल्लांपुरता ठीक, मोठ्यांना रोज नको. कडबा कुट्टी नको, लांब काड्यांचं साधं वाळलेलं गवत हवं. पावसाळ्यात ते दमट होऊन बुरशी धरते म्हणून थोडं थोडंच आणायचं आणि हुंगून बघायचं.

गूळ नर आहे हेही तुम्हीच ओळखलंत. जिथे तिथे शू उडवण्यामागे वयात येणं आहे, नुसत्या टबाने ते थांबायचं नाही, नसबंदी करून घे, असं स्पष्ट सांगितलंत. एका दवाखान्यात आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणाले तेव्हा तुम्हीच मला अडवलंत. सशाचं आतडं चालू राहायला हवं, त्याला उपाशी ठेवत नाहीत, सशांची सवय असलेला डॉक्टर शोधू. आपण शोधला. ऑपरेशननंतर सहा आठवडे दोघांना वेगळं ठेवणं मला फार जड गेलं, मधल्या जाळीला नाक लावून बसायचे दोघं. पण जूनमध्ये एकत्र आले ते टबात जाऊनच. गादीवर त्यानंतर एकदाही काही झालेलं नाही.

या सगळ्यासाठी आभार आहेतच. पण खरे आभार ऑगस्टचे.

तुम्ही मला टब साफ करताना बघायला शिकवलंत. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, गवताच्या रंगाच्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चिकट गोळ्या ससा स्वतःच खातो, त्या टबात पडून राहायला लागल्या तर खाण्यात गोडधोड वाढलंय. (माझी लेक चोरून केळं देत होती हे असंच कळलं.) लघवी कधी विटकरी दिसली तर झाडपाल्याच्या रंगानेही होतं, पण रक्ताचे ठिपके दिसले तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

तीळ केस गाळत होती. एका रात्री टबात लेंड्या मुगाएवढ्या, आणि केसांच्या धाग्यात मण्यांसारख्या ओवलेल्या. सकाळी तिच्या बाजूला एकही नाही. कोथिंबीर नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. एरवी मी म्हटलं असतं, पाऊस आहे, सुस्तावली असेल, संध्याकाळी बघू. पण "बारा तास लेंडी नाही म्हणजे वाट बघायची नाही" हे तुमचं वाक्य डोक्यात होतं. नऊ वाजता आम्ही दवाखान्यात होतो. सलाईन, वेदना कमी व्हायचं औषध, मग दर काही तासांनी सिरिंजने भरवणं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दुसऱ्या रात्री अडीच वाजता मोबाईलच्या उजेडात टबात तीन लेंड्या दिसल्या आणि मी तिथेच खाली बसून रडले. तुम्हाला तेव्हाच फोन केला आणि पहिल्या रिंगला तुम्ही उचललात. तुम्ही जाग्या होतात, काकू. हे मी विसरणार नाही.

तुमचं घमेलं बाल्कनीत दुसरा टब म्हणून आहे. परत करायचं मनात आलं होतं, पण दुपारी तीळला तेच लागतं. तुमच्यासाठी नवीन आणलंय, त्यात सहा महिने टबातल्या लेंड्यांवर वाढलेला मोगरा लावलाय, कळ्या आल्यात. रविवारी लेक घेऊन येईल.

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची, तीळ-गूळची आई