गोळी चुकवू नकोस

अंबाजोगाई

चि. सौ. वैशालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू गोड बातमी दिलीस आणि त्याच दमात, बाळाला बाधू नये म्हणून आठ दिवसांपासून झिंकच्या गोळ्या बंद केल्याचेही सांगितलेस. तुझी आई देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी फोन हातात धरून तसाच बसून राहिलो.

गोळ्यांसाठी आजच तुझ्या लिव्हरच्या डॉक्टरांना फोन कर आणि उद्या त्यांना भेट. विल्सनच्या आजारात अंगात तांबे साठत जाते आणि झिंक ते शोषू देत नाही; दिवस गेले म्हणून ते साठायचे थांबत नाही. औषध सोडलेल्या गरोदर बायकांचे लिव्हर एकाएकी निकामी झाल्याचे तुझ्या लग्नाआधीच मला बजावण्यात आले होते. झिंकचा डोस बाळंतपणापर्यंत सहसा तसाच चालू ठेवतात. तुझे पहिले औषध, पेनिसिलामाइन, चालू असते तर तो कमी करावा लागला असता, पण तोही डॉक्टरांनीच. गरोदरपणातल्या काही ताकदीच्या गोळ्यांत तांबे असते, तेव्हा नवी पट्टी त्यांना दाखवल्याशिवाय फोडू नकोस.

आठवीत तुझे अक्षर बिघडले होते. सगळ्या शाळेला सुवाच्य अक्षराचे धडे देणाऱ्या मास्तराच्या मुलीचे अक्षर असे, म्हणून मी तुझ्या हातावर छडी मारली, आणि तो हात तर आजाराने थरथरत होता. पुढे संभाजीनगरला डॉक्टरांनी दिव्याखाली तुझ्या बुबुळाच्या कडेचे तपकिरी कडे मला दाखवले, तेव्हा तुझ्या भावाची, दिगंबरची कावीळ कसली होती तेही कळले. त्याला आपण गावठी औषध देत राहिलो. घरी येताच मी तुझ्या आजीचा चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला तांब्याचा हंडा उचलून माळ्यावर टाकला. तो अजून तिथेच आहे.

मामाच्या मुलीशी लग्न करताना, दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आले तर मूल आजारी पडते, हे मला कोणी सांगितले नव्हते. तुझ्या बाळाला तुझ्याकडून एक येणारच. प्रशांतरावांकडे ते नसेल तर बाळाला हा आजार होणार नाही. त्यांची तपासणी करून घे, असे मी लग्नातच म्हणालो होतो. पुन्हा उपदेश करत बसलो, राग मानू नकोस. याच थरथरत्या हाताने तू बी.एड. झालीस, हे मी चारचौघांत सांगतो, तुला मात्र कधी सांगितले नाही.

मळमळ होत असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून पुढेमागे कर, पण चुकवू नकोस. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचे तुझ्यावरचे प्रेम मला ठाऊक आहे, पण औषध बंद करायचा त्यांचा सल्ला मानू नकोस. आईने डिंकाचे लाडू करायला घेतले आहेत, त्यातले काजू आणि तीळ मी काढायला लावले, त्यांत तांबे जास्त असते.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. गोळ्यांची पट्टी समोर ठेव. मोजणार नाही, फक्त बघेन.

तुझे
बाबा