बारावीचे 88 आणि नीटचे 42

सातारा,
6 जुलै 2025

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मावशीकडे तू आठवडाभर राहून यावेस, असे मी आणि आईनेच सुचवले होते, कारण 14 जूनला नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तुझ्या गुणांविषयी काही ना काही बोलून जात होता आणि तुला शांतपणे विचार करायला जागाच उरली नव्हती. या दिवसांत मी तुझ्या दोन्ही गुणपत्रिका पुढे ठेवून, राज्याच्या सीईटी कक्षाच्या गेल्या वर्षीच्या निवड याद्या पाहून काही गोष्टी समजून घेतल्या. फोनवर आकडे नीट मांडता येत नाहीत, म्हणून लिहीत आहे.

बारावीला तुला 91 टक्के मिळाले, ही मेहनतीची कमाई आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र काका जेव्हा म्हणतात, की इतके गुण असलेल्या मुलीला एमबीबीएस मिळालेच पाहिजे, तेव्हा ते त्यांच्या काळातले बोलत असतात. त्या वेळी बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवरच मेडिकलची यादी लागत असे. आज त्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के लागतात, ते पात्रतेपुरते. त्यापुढे बारावीचे 51 टक्के आणि 91 टक्के यांत प्रवेशाच्या यादीत काहीही फरक होत नाही. सगळा क्रम नीटवर ठरतो. हे ऐकायला कठोर आहे, पण ते आधी मान्य केल्याशिवाय पुढचा हिशेब बरोबर होणार नाही.

दुसरे म्हणजे ‘क्वालिफाय झाली’ हे वाक्य. यंदा खुल्या प्रवर्गात 144 किंवा त्याहून जास्त गुण मिळालेले सगळे पात्र ठरले आहेत. देशभरात असे पात्र विद्यार्थी 12 लाख 36 हजारांवर आहेत आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यांतल्याही साधारण निम्म्याच सरकारी. तेव्हा पात्र होणे ही केवळ दारातली पायरी झाली. मामांनी शेजारच्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या गुणांशी तुझी तुलना केली, तीही मनावर घेऊ नकोस. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 जणांना 720 पैकी 720 होते. यंदा देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 आहेत. इतक्या वेगळ्या दोन पेपरांचे गुण शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पाहायची ती ऑल इंडिया रँक, आणि गेल्या वर्षीच्या यादीत त्या रँकच्या आसपास, आपल्या प्रवर्गात, कोणत्या फेरीला कोणते कॉलेज मिळाले ते. मी तसे पाहिले. तुझ्या 402 गुणांना जी रँक आली आहे, तिच्यावर खुल्या प्रवर्गातून सरकारी एमबीबीएस यंदा मिळणार नाही. खासगी कॉलेजातली राज्य कोट्याची जागाही शेवटच्या फेरीपर्यंत थांबून मिळण्याची शक्यता मला फारच अंधुक दिसते. मी हे गोड शब्दांत लिहू शकलो असतो, पण ऑगस्टभर तू दर फेरीची यादी उघडून वाट पाहत बसावेस, हे मला नको आहे.

आजीला वाटते, की साताऱ्यात आता सरकारी मेडिकल कॉलेज झाले आहे, तर आपल्या पोरीला तिथे घेतील. तिला मी समजावले आहे. गावात कॉलेज असले म्हणून गावच्या मुलीला अग्रक्रम मिळत नाही. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी 70:30 ची प्रादेशिक विभागणी होती, म्हणजे 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना मिळत; तीही 2020 मध्ये रद्द झाली. आता 85 टक्के जागांसाठी संपूर्ण राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते आणि उरलेल्या 15 टक्के देशभरातल्या मुलांसाठी दिल्लीहून एमसीसी ही केंद्रीय प्रवेश समिती भरते.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, तिच्याकडे येतो. तुला जीवशास्त्रात 360 पैकी 268 आहेत, रसायनशास्त्रात 180 पैकी 92 आणि भौतिकशास्त्रात 180 पैकी 42. याच भौतिकशास्त्रात बारावीला 100 पैकी 88 आहेत. त्यामुळे तू सारखी म्हणतेस, की मला फिजिक्स येते, त्या दिवशी काहीतरी बिघडले. मी बोर्डाची प्रश्नपत्रिका काढून पाहिली. त्या 88 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, म्हणजे लेखी परीक्षेत तुला 70 पैकी 58 मिळाले. त्या लेखी पेपरात दोन गुणांचे 12 पैकी 8, तीन गुणांचे 12 पैकी 8 आणि चार गुणांचे 5 पैकी 3 प्रश्न सोडवायचे असतात. जो धडा जड वाटतो, तो बाजूला ठेवूनही भरघोस गुण मिळवता येतात, आणि सिद्धता स्वच्छ लिहिली तर उत्तर थोडे चुकले तरी पायऱ्यांचे गुण हाती लागतात. नीटमध्ये यांपैकी काहीच नाही. यंदापासून तर तिथलेही ऐच्छिक प्रश्न काढून टाकले. 180 प्रश्न, 180 मिनिटे, सगळे अनिवार्य, आणि यंदाचा फिजिक्सचा भाग चांगल्या चांगल्या मुलांनाही पुरून उरला. म्हणून बोर्डाचे 88 खोटे ठरत नाहीत. तू समजून घेतेस, लक्षात ठेवतेस आणि मुद्देसूद लिहितेस, हे ते गुण सांगतात. अनोळखी गणित दीड मिनिटात ओळखून सोडवता येते का, याविषयी मात्र ते काहीच सांगत नाहीत.

उत्तरतालिकेशी ताडून पाहिले, तर तू फिजिक्सचे 45 पैकी 38 प्रश्न सोडवलेस. 16 बरोबर आले आणि 22 चुकले. बरोबर उत्तरांचे 64 झाले आणि चुकलेल्यांनी त्यातले 22 परत नेले. ते 22 प्रश्न तू नुसते कोरे सोडले असतेस, तर एकूण 402 ऐवजी 424 झाले असते. अर्थात 424 नेही सरकारी कॉलेज मिळाले नसते, पण मला यात एक आशेची जागा दिसते. ज्या मुलीचे जीवशास्त्र इतके पक्के आहे आणि रसायनशास्त्र मध्यावर आहे, तिची उणीव सगळीकडे पसरलेली नाही. ती 45 प्रश्नांत एकवटलेली आहे. तिन्ही विषयांत सारखेच बेताचे गुण असते, तर मी तुला पुन्हा परीक्षा द्यायला सुचवले नसते. तुझ्या बाबतीत मात्र रिपीटचे एक वर्ष देण्यासारखे आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, कमाल वयाची अटही आता नाही; तरीही आपण एकाच वर्षाचे ठरवावे आणि त्यानंतर जो मार्ग मिळेल तो आनंदाने धरावा, असे मला वाटते.

मात्र या वर्षात तेच क्लास आणि तीच वेळापत्रके पुन्हा करणार असशील, तर माझी संमती नाही. जीवशास्त्र टिकवण्यापुरते ठेवून सकाळचे ताजे तास फिजिक्सच्या गणितांना द्यावे लागतील, कॅल्क्युलेटरशिवाय, घड्याळ लावून. आणि कोणता प्रश्न सोडून द्यायचा, याचाही सराव करावा लागेल. बोर्डाच्या सवयीमुळे तू कोरी जागा ठेवायला घाबरतेस, हे त्या 22 चुकांतून मला दिसते.

दुसऱ्या वाटांविषयीही सांगतो. राज्याची नोंदणी अजून सुरू व्हायची आहे. ती झाली, की आपण अर्ज भरूच, कारण त्या एकाच नोंदणीत एमबीबीएस, बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि फिजिओथेरपी सगळे येते, आणि याद्या पाहिल्याने आपल्याला खरी जागा कळेल. पण पसंतिक्रमात तेवढेच भर, जे मिळाल्यास तू खरोखर शिकशील. बीएएमएस हा साडेपाच वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आयुर्वेदाची ओढ असेल तर तो जरूर घे, पण एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने घेतलेला बीएएमएस तुझ्यावरही अन्याय करील आणि पुढे तुझ्याकडे येणाऱ्या रुग्णांवरही. एखादी जागा घेऊन वर्षाअखेर सोडण्याचा बेत असेल, तर माहिती पुस्तिकेतील जागा सोडण्याच्या अटी आधी आपण दोघे मिळून वाचू. ठरलेल्या तारखेनंतर तसे करणे फार महाग पडू शकते. पशुवैद्यकाचा प्रवेशही नीटवरच होतो, पण अर्ज नागपूरच्या माफसूकडे, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे, वेगळा करावा लागतो. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याच जिल्ह्यात आहे. लहानपणापासून तुला जनावरांची भीती नाही, उलट लळाच आहे, म्हणून मी हा पर्याय इतरांच्या वर ठेवीन. तिथे जागा मिळाली, तर रिपीटचा विचार बाजूला ठेवण्याचीही माझी तयारी आहे. तू मनापासून विचार करून सांग.

पैशांचेही स्पष्ट लिहितो, कारण तू विचारायला संकोचतेस. अभिमत (डीम्ड) विद्यापीठात बहुतेक ठिकाणी वर्षाचे शुल्कच 20 लाखांच्या आसपास किंवा वर आहे. मुलींच्या शुल्कमाफीची सरकारी योजना 8 लाखांच्या आतील उत्पन्नाला आहे आणि आई व माझा पगार मिळून आपण त्या रेषेच्या वर आहोत. घर गहाण ठेवून मी तुला तिथे पाठवणार नाही, आणि यात तुझ्यावरच्या विश्वासाचा प्रश्न नाही. परदेशाचे एजंट मला फोन करू लागले आहेत. बाहेरून पदवी घेणाऱ्याला 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, तिथली वर्षभराची इंटर्नशिप, मग इथली पात्रता परीक्षा आणि पुन्हा इथे इंटर्नशिप, इतके सगळे करावे लागते. त्या पात्रता परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सहसा एक तृतीयांशाच्या वर जात नाही. एजंट यातला शेवटचा भाग सांगत नाहीत. इथे एक वर्ष नेटाने अभ्यास करणे मला त्याहून शहाणपणाचे वाटते.

मनातून तुला डॉक्टरच व्हायचे आहे, हे मी जाणतो, आणि ते घडावे ही माझीही इच्छा आहे. म्हणूनच तुझ्या 91 टक्क्यांचा आधार घेऊन तुला नुसता धीर द्यावा, हे मला योग्य वाटले नाही.

परत येण्यापूर्वी एक काम कर. नीटचा 2023 चा पेपर घे, त्यातला फक्त फिजिक्सचा भाग मावशीच्या घरी तासभर घड्याळ लावून सोडव, आणि ज्या प्रश्नांची खात्री नाही, ते कोरे ठेव. किती आले, याची मला घाई नाही. तो कागद जसाच्या तसा घेऊन ये, म्हणजे कोणत्या धड्यांपासून सुरुवात करायची, ते बसून ठरवू. तुझे अधिवास प्रमाणपत्र मी सेतू कार्यालयातून घेतले आहे. दहावीची मूळ गुणपत्रिका तुझ्या निळ्या फाइलमध्ये आहे का, तेवढे मावशीच्या फोनवरून आजच कळव.

तुझे,
बाबा