बाकावर बसायला नाही, बरोबर यायला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो तरी पत्र लिहायला बसलेय. कारण विषय थीम पार्कवर आला की आई म्हणते, "तुम्ही तिघं जाऊन या. आलोच तर आम्ही आपले बाकावर बसू, पिशव्या सांभाळू." तेवढ्यात चिऊ फोन ओढून घेते आणि माझं उत्तर राहून जातं. ते आज सविस्तर देते.

पालकांनी बाकावर बसून राहायचं नाही, याच विचारातून डिस्नीलँड उभं राहिलं. वॉल्ट डिस्ने सुटीच्या दिवशी आपल्या दोन्ही मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर न्यायचे. मुली घोड्यांवर, आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले. आईवडील आणि मुलं मिळून मजा करू शकतील अशी एखादी जागा हवी, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या सुचलं, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. 17 जुलै 1955 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइमला डिस्नीलँड उघडलं आणि त्याच्या भोवतीनं पहिल्या दिवसापासून वाफेच्या इंजिनाची आगगाडी धावत होती. बाबा, त्या माणसाला आगगाड्यांचं इतकं वेड होतं की त्यानं स्वतःच्या घराच्या आवारातही छोटी आगगाडी बसवली होती. तुमचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

तुमच्यासाठी आपण जाणार त्या पार्कमध्ये एक खास काम ठेवलंय. चिऊनं रोलर कोस्टरचा व्हिडिओ बघून मला विचारलं, "याचं इंजिन कुठंय?" मी सांगितलं, हे आजोबांना विचार. जुन्या पद्धतीच्या कोस्टरला इंजिन नसतंच. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि पुढचं सगळं उतारावर चालतं. घर्षण आणि हवा मिळून थोडा थोडा जोर खात जातात, म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच ठेवावा लागतो. चढताना जो कट-कट-कट आवाज येतो, तो गाडीखालचा खटका रुळालगतच्या दात्यांवर पडत जाण्याचा. साखळी तुटलीच, तरी खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. मला तो आवाज आजवर भीतीचा वाटायचा; आता धीराचा वाटतो.

आई, "गाडी उलटी झाल्यावर पडली तर?" असं तू विचारलं होतंस. चाकं फक्त रुळाच्या वर नसतात. एक जोडी वरून, एक बाजूनं आणि एक खालून, अशी ती रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असतात. खालच्या चाकांचं पेटंट रोलर कोस्टर बनवणारे अमेरिकेतले जॉन मिलर यांनी 1919 सालीच घेतलं होतं. आणि बाबा, तुम्ही आयुष्यभर जे सिग्नलचं काम केलंत तेच इथेही आहे. मार्गाचे ब्लॉक, म्हणजे ठरावीक भाग, पाडलेले असतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागची सुटत नाही. हे चिऊला तुमच्याइतकं चांगलं कोण समजावणार? तुमची अँजिओप्लास्टी झालीय, तेव्हा मोठ्या कोस्टरमध्ये बसायचं नाही, हे पक्कं. पण कुंपणाशी उभं राहून, तिला कडेवर घेऊन, तो खटका ऐकवायचा. मला तर सगळ्या सहलीत याच गोष्टीची सर्वात जास्त ओढ लागलीय.

चिऊही मोठ्या कोस्टरला यंदा बसणार नाही, त्यामुळे आई, तू निश्चिंत राहा. तिची उंची कमी पडते. हा नियम वयाचा नसतो. सीटवरचा आडवा दांडा अंगाला नीट बसला पाहिजे, म्हणून उंची बघतात. हे कळल्यापासून ती रोज सकाळी कपाटाला पाठ लावून उभी राहते, डोक्यावर पुस्तक आडवं धरते आणि मला पेन्सिलनं खूण करायला लावते. टाचा हळूच वर जातात. मी नुसतं "टाचा" म्हटलं की खाली येतात. संध्याकाळी सोफ्याच्या गाद्यांची गाडी होते. बाहुल्यांना माझ्या ओढणीचा पट्टा बांधला जातो, आणि ती कमरेवर हात ठेवून सांगते, "हात आत! उभं राहायचं नाही!" तिनं तुमच्या दोघांसाठीही जागा ठेवलीय, मागच्या डब्यात.

मेरी-गो-राउंडवर मात्र तिला बाहेरच्या रांगेतलाच घोडा हवा. बाहेरचा घोडा तेवढ्याच वेळात मोठा फेरा मारतो, म्हणून जास्त जोरात जातो, हे तिनं कुठूनतरी ऐकलंय. आई, तिथे घोड्यांबरोबर बसायला रथही असतात. ते वरखाली होत नाहीत, गुडघ्याला त्रास नाही. तिच्या मागच्या रथात तू बस. आणि आकाशपाळण्यात आपण सगळेच. लहानपणी मी तुझ्या कुशीत तोंड लपवायचे, तू मात्र डोळे उघडे ठेवून लांबवर बघत असायचीस. मला तू पुन्हा तशी बघायचीयस.

दमायला होईल, हे खरं आहे. म्हणून सगळं पार्क एका दिवसात उरकायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सकाळी दारं उघडतानाच आत शिरायचं, कारण तेव्हा रांगा लहान असतात. दुपारी खोलीवर येऊन पडायचं आणि उन्हं उतरली की पुन्हा जायचं. चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते, ती पहिल्याच दिवशी घेऊ. आई, यात संकोच करू नकोस. गुडघा दुखायला लागल्यावर बसण्यापेक्षा आधीच बसलेलं बरं. चिऊच्या मनगटावर आमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधणार आहे. तुम्हा दोघांच्याही खिशात तसाच एक कागद ठेवू, आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते शिरतानाच ठरवू.

एवढंच करा. बाबा, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना प्रवासाचं एकदा विचारून घ्या आणि गोळ्या चार दिवस जास्तीच्या ठेवा. आई, नवे बूट घेऊ नकोस, पायात मुरलेले आण. तिकिटं मी रविवारी काढतेय. पाचही जणांची काढू ना?

तुमची,
ताई