पडद्यावर हाड दिसतं, हाताला लागत नाही

संपादक महोदय,

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना व्हर्च्युअल स्किल्स लॅब, म्हणजे प्रॅक्टिकल्स स्क्रीनवर शिकायची सोय, कशी वाटते यावरचा तुमच्याकडचा लेख वाचला, मुलं खूश आहेत हे पटलं, पण अर्धंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) होते, तेव्हा आमची प्रॅक्टिकल्स मोबाइलवरच झाली. व्हिडिओ दहा वेळा मागे नेऊन बघता येतो, चुकलं तरी सगळ्यांसमोर बोलणी बसत नाहीत, हा फायदा खराच. पण गुडघा किती वाकतो ते मोजायला गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचा, मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा असतो, पडद्यावर ते हाड लख्ख दिसतं आणि समोर सुजलेल्या गुडघ्याच्या आजी बसल्या की बोटांनी चाचपून शोधावं लागतं, त्यात आपले हात गार असले तर आजी पाय आखडून घेतात आणि मोजमाप गेलंच! सांधा शेवटाला कडक थांबतो की मऊ, म्हणजे एंड फील, ते तर कुठल्याच स्क्रीनवर कळत नाही. त्यामुळे लॅब असू द्या, पण ओपीडीच्या आधीची तयारी म्हणून. तिचे तास क्लिनिकल पोस्टिंगमधून, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या कामातून, कापू नका, वाटल्यास लेक्चरमधून कापा, तिथे तसंही निम्मी मुलं पेंगत असतात.

– एक फिजिओथेरपिस्ट, पुणे