मोडलेल्या मांडीला पुन्हा पाखाडी चढायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय फिजिओथेरपिस्ट ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर अनेक तुकड्यांत मोडले होते आणि एक भेग थेट सांध्यात उतरली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ते तुकडे प्लेट आणि स्क्रूंनी जागच्या जागी बसवले. त्यांचे ऋण मी जन्मभर मानीन. परंतु हाड सांधले म्हणजे पाय चालू लागला असे होत नाही, हे मला घरी आल्यावर उमगले. तिथून पुढची सारी वाट आपण माझ्याकडून चालवून घेतलीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

गुहागरकडच्या आमच्या वाडीत मांडी मोडली म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला, असेच अजून समजतात. जुन्या मंडळींनी पायाला वजन टांगून महिनोन्महिने खाटेवर पडलेली माणसे पाहिली आहेत, त्यामुळे टाके निघतात न निघतात तोच आपण माझा गुडघा वाकवू लागलात तेव्हा आई घाबरली. आपण पडवीत तिच्याशेजारी बसलात आणि समजावलेत की, 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ए.ओ. या नावाने एकत्र आलेल्या शल्यविशारदांनी हाड भक्कम बसवण्यावर भर दिला, तो स्नायू आणि सांधे लवकर हलवता यावेत यासाठीच. पाय तसाच ठेवला तर हाड जुळेलही, पण गुडघा आखडेल आणि मांडी वाळेल. नातेवाइकांनी सुचवलेले जोरजोरात तेल चोळणेही आपण कोणाचे मन न दुखवता थांबवलेत.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची, हा माझा पहिला व्यायाम होता. मी सारा जीव एकवटत असे आणि मांडी निपचित पडून राही. आपण गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटे टेकवून शांतपणे वाट पाहत असा, आणि एके सकाळी नुसते ‘‘आला’’ म्हणालात. स्नायूची ती थरथर मला स्वतःलाही जाणवली नव्हती. पुढे एक्सरेत नवे हाड धरू लागल्याचे पाहून डॉक्टर पायावर किती भार द्यायचा ते सांगत, आणि तेवढाच भार म्हणजे नेमका किती, हे आपण घरच्या वजनकाट्यावर पाऊल टेकवायला लावून मला शिकवलेत.

आपले सर्वांत मोठे उपकार मात्र निराळेच आहेत. गुडघा नव्वद अंश वाकला, आता पुरे, असे मला अन्यत्र सांगण्यात आले होते. सपाटीवर चालायला साधारण 60 ते 70 अंश पुरतात आणि जिन्याला 90 च्या आसपास लागतात, हे खरे. पण आमच्याकडे विळीवर नारळ खवणे, पाटावर जेवायला बसणे, परसात उकिडवे बसणे, ही सारी कामे 110 अंशांच्या पुढची, आणि ती जमली नाहीत तर बाईमाणूस स्वतःच्याच घरात परकी होते. आपण हे न सांगता ओळखलेत. घरापासून रस्त्यापर्यंतची जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, स्वतः उतरून पाहिलीत, तिच्या सर्वांत उंच पायरीला टेप लावलात आणि तेवढ्याच उंचीचा ठोकळा सुताराकडून करवून पडवीत ठेवलात. त्यावर घोटून घेतलेला क्रम आता अंगवळणी पडला आहे: काठी चांगल्या बाजूच्या हातात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरले तेव्हा खाली उतरायला आपण सक्त मनाई केलीत, आणि ती मी निमूट पाळली.

आज मी विळीवर बसते आणि पाखाडी काठीशिवाय चढते. उतरताना काठी अजून जवळ ठेवते. संध्याकाळी पाय थकला की गुडघा शेवटचे काही अंश पुरता सरळ होत नाही. टॉवेलचा व्यायाम त्यासाठीच चालू ठेवला आहे, पुढच्या खेपेला तेवढा कोन मोजून पाहावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वाडीतली एक रुग्ण