मंजुरीच्या कागदावर हाताने वाढवलेल्या ओळींबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला. पास झाले. घरच्यांनंतर पहिला फोन तुम्हालाच करायचा होता, पण माझ्याच्याने धड बोलवलं नसतं, म्हणून हे पत्र. तुमचं किंवा संस्थेचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

तुमच्या संस्थेतून माझ्या फीचे पैसे दिलेत, त्याचे आभार मानायलाच हवेत, ते मानते. पण खरं सांगू? मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. कागदपत्रं झाली, सह्या झाल्या, मी उठले, तेवढ्यात चष्मा काढून तुम्ही विचारलंत, "ड्यूटीचे बूट घेतलेत का?" मी म्हटलं, "जुने आहेत, चालतील." तुम्ही म्हणालात, "चालतील नको. वॉर्डात दिवसभर उभं राहायचंय. पाय गेले की अभ्यासही गेला." आणि मंजुरीच्या कागदावर फीच्या आकड्याखाली पेनाने एक ओळ वाढवलीत: बूट, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च. मग उगाच विचारल्यासारखं, "सकाळच्या पाळीला मुलांचं कोण बघतं?" त्या उत्तराचीही खाली एक ओळ झाली. मी जिन्यात येऊन रडले, ते तुम्हाला माहीत नाही.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे फीसाठी अर्ज केले, त्या लोकांबद्दलही लिहिते. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. एका ठिकाणी साहेबांनी जन्मतारीख वाचली, "या वयात?" एवढंच म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. दुसरीकडे तर हिशेबच मांडला: शिकून बाहेर पडेपर्यंत चाळिशी उलटेल, मग नोकरी करणार किती वर्षं, त्यापेक्षा एखाद्या तरुण मुलीला दिलेले बरे. (हिशेब मांडणारे स्वतः पन्नाशीच्या पुढचे होते आणि खुर्ची सोडायच्या बेतात अजिबात दिसत नव्हते.) कुठे नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला. त्या उत्पन्नातलं माझ्या हाती काय येतं, हे लिहायला रकाना नव्हता. आणि एका मंडळाने अर्धी फी भरायची तयारी दाखवली, फक्त स्टेजवर येऊन चेक घ्यायचा आणि माइकवर आपला 'संघर्ष' सांगायचा. मी नाही म्हटलं. गरजवंताला एवढा ताठा बरा नव्हे, असं ऐकवलं गेलं. असेल ताठा.

आणि हे सगळं कुठल्या कामासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगभरात आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के बायका आहेत, नर्सेसमध्ये तर सुमारे ८५ टक्के. घरातल्या आजारी माणसाचं अंथरूण-पांघरूण, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं मी वर्षानुवर्षं फुकट केली, तेव्हा कुणी माझं वय विचारलं नाही. तेच काम रीतसर शिकून पगारावर करायचं म्हटल्यावर वय आडवं आलं.

नर्सिंगच्या इतिहासाच्या तासाला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शाळा शिकलो. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली सुरू झालेली. तिथे शिकायला येणाऱ्या बायकांना राहणं, जेवण, गणवेश मिळायचा, शिवाय हातात वर्षाला दहा पौंड. पैसा यायचा लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या नाइटिंगेल फंडातून. शिकणारी बाई जेवते, कपडे घालते, तिला वरखर्च असतो, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होतं तर! त्याच इंग्लंडने २०१७ साली नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांचं विद्यावेतन बंद करून त्यांना कर्ज काढायला सांगितलं, आणि पंचविशी ओलांडलेल्यांचे अर्ज झपाट्याने घटले. २०२० पासून परत न करायचे, वर्षाला किमान पाच हजार पौंड पुन्हा सुरू करावे लागले, आणि ज्यांना मुलं सांभाळायची त्यांना वर थोडे जास्त. एका देशाला जे कळायला तीन वर्षं लागली, ते तुम्हाला माझ्याकडे एकदा बघून कळलं. बाकीच्या मुली टिपणं काढत होत्या, मी वहीत नुसती रेघोट्या मारत तुमचा विचार करत होते.

लोक म्हणतात, चांगली माणसं उरली नाहीत. उरली आहेत की. कुठल्यातरी टेबलामागे बसून फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारत असतात, आणि त्यांचा सत्कार कुणी करत नाही. दिलदार म्हणवणाऱ्यांचं मला पूर्वी फार कौतुक होतं, आता तेवढं राहिलेलं नाही. त्यांच्या देण्यात देणाराच जास्त दिसतो. तुम्ही माझी कहाणी मागितली नाहीत, अहवालासाठी फोटो मागितला नाहीत, वर्षभरात एकदाही 'आम्ही तुमच्यासाठी केलं' असं सुचवलं नाहीत. मार्कांची चौकशी केलीत ती मात्र न चुकता, आणि औषधशास्त्रात कमी पडले तेव्हा चांगलं खडसावलंतही. तेही हवंच होतं.

आता एक मागणं आहे. यंदाचे अर्ज सुरू झाले की मला बोलवा. बरेच वर्षांनी पुन्हा शिकायला निघालेल्या बायकांना कुठला कागद कुठे जोडायचा हेच आधी सुधरत नाही, आणि विचारायची लाज वाटते. मी त्यांच्याजवळ बसेन, फॉर्म भरून देईन. जिला दारातूनच परत जावंसं वाटत असेल तिच्याशी बोलेन. पुढच्या महिन्यात माझी पोस्टिंग प्रसूती विभागात आहे, पाळ्या अजून लागायच्यात. तक्ता लागला की मोकळे वार कळवते.

आपली,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातली, वर्गात वयाने सगळ्यांत थोरली विद्यार्थिनी